बामीबायचा खडक

बामीबाय कुठलीही वस्तू आधी कोयत्याच्या पाठीनं ठोकून बघायची. नारळ आणि कलिंगड सगळेच ठोकतात. ही लोकांची दारं ठोकायची, नव्या इमारतींच्या भिंती ठोकायची, एकदा तर गावात आलेल्या एका साहेबाची चामडी बॅगही तिनं ठोकली होती. मान जराशी तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "भरलेला" नाहीतर "पोकल". मधला निकाल तिच्याकडे नव्हता. कालवांच्या खडकावर जन्म गेलेल्या बाईची ही खोड. जिवंत कालव ठोकलं की ठस्स असा दबका आवाज येतो, मेलेलं खण्ण वाजतं. शिंपला उघडून बघण्यात वेळ कोण घालवणार? भरती थांबत नाही.

माझा पीएच.डी.चा प्रबंध, लाल कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा, मी तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिनं तोही ठोकला.

"पोकल," म्हणाली.

तोवर माझंही तेच मत झालं होतं. फक्त तिचं मत ऐकायला मी तीस वर्षं उशिरा आले होते.

मी मूळची साताऱ्याकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मी त्याची तज्ज्ञ होते. यावरून माझी काय ती कल्पना करा. उलव्याच्या खाडीकाठी तेव्हा टॉवर नव्हते. भातखाचरं होती, मिठागरं होती आणि चिखल होता. त्या चिखलात मी पांढरे कॅनव्हासचे बूट, गोल टोपी आणि हातात लोखंडी चौकट अशी उतरले. चौकट खडकावर ठेवायची, आतले जीव मोजायचे, वहीत लिहायचे, असा बेत होता. खडकापर्यंत पोचलेच नाही. कमरेपर्यंत रुतले.

तेव्हा चिखलावरून सरपटत एक बाई आली. चाळिशीची, काळीसावळी, काष्टा मारलेली, तोंडात मिश्री. माझ्यापासून हातभर अंतरावर ती फतकल मारून बसली आणि मला न्याहाळत राहिली.

"हलू नको गो. जेवडी हलशील तेवडी गडप होशील."

"मी प्राणिशास्त्रज्ञ आहे," मी कमरेइतक्या चिखलातून सांगितलं. आजही आठवलं की मला हसू फुटतं. त्या क्षणी मला हेच सांगावंसं वाटलं!

"आसशील," ती म्हणाली. "पन चिखलाला म्हाईत नाय ना त्या."

मग तिनं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला मुळा उपटावा तशी उपटली. एक बूट आतच राहिला. तो अजून तिथेच असेल. माझ्या शास्त्राचं त्या खाडीला दिलेलं ते पहिलं योगदान.

त्या गावात कालवांचे खडक बायकांचे होते. प्रत्येक घराचा एक खडक, सासूकडून सुनेकडे जाणारा. कागद नाही, शिक्का नाही, पण दुसरीच्या खडकाला कुणी कोयता लावायची नाही. बामीबाय धाकटी सून, म्हणून तिच्या वाट्याला सगळ्यांत वाईट खडक आला होता. डोंगरावरून येणारा नाला खाडीत जिथे पडतो, अगदी त्या तोंडाशी. पावसाळ्यात तिथे गोडं, गढूळ पाणी भसाभसा येई. "नाल्याची सून" असं तिला चिडवत. ती म्हणायची, "नाला मना समदा पहिला सांगते. तुमाला मागाहून कलते."

आणखी एक रीत होती. आषाढ लागला की खडक बंद. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला की मगच कोयता हातात घ्यायचा. तोवर एकही बाई खडकावर पाय ठेवायची नाही. रीत शहाणपणाचीच होती. त्या दिवसांत कालवं वाढायची, आणि बायका पुरात वाहून जाण्यापासून वाचायच्या.

या सगळ्यात एक परका शिंपला आला. नखाएवढा, काळपट, एकाला एक दोऱ्यांनी बांधून घोसानं बसणारा. दूरच्या समुद्रातून जहाजांच्या बुडाला चिकटून किंवा जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो आला असणार. आधी जेटीच्या खांबांवर दिसला, मग खडकांवर. हा कालवांच्या डोक्यावरच बसतो, थरावर थर चढवतो, शेवटी खालच्या कालवाला तोंड उघडता येत नाही आणि ते गुदमरून मरतं. मी बामीबायला त्याचं लॅटिन नाव सांगितलं.

"एवडास्सा जीव न् एवडा मोठा नाव? जल्ला," ती म्हणाली. "मी त्याला पावनी म्हनते. आली, बसली, आथा उठाचा नाव नाय."

गावभर तेच नाव झालं. पावनी.

आता माझ्या मूर्खपणाचा मुख्य अध्याय. बायकांचा प्रश्न साधा होता. पावनी खरवडून काढायची की नाही? खरवडताना थोडी कालवंही निघतात, नुकसान होतं. मी म्हटलं, थांबा, शास्त्र सांगेल. जेटीवरून पावन्या आणल्या, टबात गोडं पाणी भरलं, त्यात टाकल्या. चार दिवसांत सगळ्या मेल्या. मला आनंदानं झोप येईना. हा खाऱ्या पाण्याचा जीव, पावसाळ्याचं गोडं पाणी याला आपोआप संपवेल, मग खरवडायचं कशाला? मी सुंदर अक्षरात सूचना लिहिली आणि गावदेवीच्या पाराशी चिकटवली. "परका शिंपला पावसाळ्यातील गोड्या पाण्याने नैसर्गिकरीत्या नष्ट होईल. तरी महिलांनी खडक खरवडू नयेत." खाली पदवीसकट सही.

बामीबायला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या सोनीकडून वाचून घेतलं. सोनीचा खडक हिच्या खडकाला लागून, वयानं दहा वर्षांनी लहान, हिची सावली असल्यासारखी. ऐकून झाल्यावर बामीबाय तडक माझ्याकडे आली.

"तू कनच्या पावन्या घेतल्यास?"

"जेटीवरच्या."

"का?"

खरं कारण असं की जेटीवर बूट चिखलात जात नव्हते. हे मी तिला सांगितलं नाही. "प्रातिनिधिक नमुना" असं काहीतरी बोलले.

"जेटीवर पानी कवा गोडा होते गो? तिथल्या पावनीनं गोडा पानी बगलाच नाय. माज्या नाल्याच्या तोंडाच्या घे. त्या नाय मरत."

"कशावरून?"

तिनं मला घरी नेलं. ओट्यावर दोन मडकी होती. तिसऱ्या, खुबे असले शिंपले आणले की सगळ्याच घरी पाण्यात ठेवतात, रेती ओकून टाकायला. हिनं तोच उद्योग पावन्यांवर केला होता. एका मडक्यात जेटीच्या, दुसऱ्यात नाल्याच्या, दोन्हींत विहिरीचं पाणी. जेटीच्या मडक्यातून घाण वास येत होता, शिंपल्यांची तोंडं वासलेली. नाल्याच्या पावन्या मात्र मिटून बसल्या होत्या. तिनं खाऱ्या पाण्याचा तांब्या ओतला. थोड्या वेळानं एकेकीनं तोंड किलकिलं केलं.

तुम्ही म्हणाल, कुठल्याही शहाण्या मुलीनं तिथेच बसकण मारली असती. मी शहाणी नव्हते, डॉक्टर होणार होते. मी म्हणाले, "बामीबाय, हा काही नियंत्रित प्रयोग नाही."

"मडक्याला नियंतरन कशाला? बूड हाय ना त्याला?"

मी हसले. तिच्यावर हसले. ते हसू माझ्या खात्यावर अजून तसंच आहे.

पावसाळा आला. बायकांनी माझा कागद मानला. मॅडमनं लिहिलंय, शिवाय रीतही तेच सांगते, खडक बंद. दोन्ही गोष्टी जुळल्या. एकटी बामीबाय श्रावणात, भर पुरात, कमरेला दोर बांधून नाल्याच्या तोंडाशी उतरली आणि पावन्या खरवडू लागली. गावात गहजब झाला. हिनं खाडी विटाळली, नारळाआधी कोयता लावला. बायका तिच्याशी बोलेनात, सोनीसुद्धा. हळदीकुंकवाला तिच्या दारावरून पुढे जायच्या.

"आमाला नाय चालाचा," एकीनं तिला पाराशी अडवून सांगितलं.

"तुमाला नको चालूं दे," बामीबाय म्हणाली. "खाडीला मी इचारलाय. ती बोलली, पावनी नारलाची वाट बगत नाय, तू कशाला बगतंस?"

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बायका खडकांवर गेल्या. माझ्या कागदाप्रमाणे तिथे मेलेल्या पावन्यांची टरफलं असायला हवी होती. खडक काळे होते. सगळे. वरपासून खालपर्यंत जिवंत, चकचकीत, घोसदार पावन्या. खाली कालवं ठोकली की खण्ण, खण्ण, खण्ण. फक्त नाल्याच्या तोंडाचा, सगळ्यांत वाईट मानलेला तो खडक पांढरा होता आणि ठस्स वाजत होता.

मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. तिनं मला हाताला धरून पाराशी नेलं. माझा कागद पावसानं फुगला होता, पण अक्षर सुंदर, शाईही चांगली, वाचता येत होतं. बायका जमल्या.

"वाच," बामीबाय म्हणाली. "मोठ्यानं."

मी पहिला शब्द वाचला. "परका." आणि कागदावरून नजर काढली. सोनी माझ्याकडे बघत होती. तिच्या घरात त्या खडकावरच चूल पेटायची. मी म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..." आणि पिशवी उचलून निघून गेले. पळाले असं लिहायला हवं. प्रबंधात लिहिलं की जेटीवरील नमुन्यांत गोड्या पाण्यामुळे पूर्ण मृत्यू आढळला. ते खोटं नव्हतं. नाल्याच्या तोंडाबद्दल एक ओळ नव्हती. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, सानपाड्यात घर झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. खाडीपलीकडे, अर्ध्या तासाच्या अंतरावर, मी तीस वर्षं गेले नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आमच्या प्रयोगशाळेत जीनोम वाचायची सोय झाली. म्हणजे जिवाच्या पेशीत जी सगळी जनुकं असतात, त्यांचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा मजकूर. तरुण सहकारी विचारायला लागले, मॅडम, कुठला प्राणी घेऊ या? माझ्या तोंडून निघून गेलं, "पावनी."

केस काळे करून, चांगली साडी नेसून मी गेले. भातखाचरांच्या जागी टॉवर होते, डोक्यावरून विमानतळाकडची धूळ येत होती. मला वाटलं होतं बामीबाय नसेल. ती होती. ओट्यावर, सत्तरी ओलांडलेली, कोयत्याला धार लावत.

"आलीस?" म्हणाली, मान वर न करता. "केस काले केलेस. पावनीसारके."

खडकावर एकटी तीच जात होती. बाकीच्या बायकांचे खडक काळेच राहिले होते. सुना नोकऱ्यांना लागल्या, काही नव्या इमारतींत कामाला जात, पण सोनीसारख्या चार-पाच जणी अजून ओहोटीला उतरायच्या, गाळात खुबे शोधायच्या आणि आपापल्या मेलेल्या खडकांना वळसा घालून परत यायच्या. बामीबायला त्याचाच घोर होता. "मी मेली की माजा पन खडक काला होल. मंग कुनाला खरा वाटेल, इथं कालवा व्हती म्हनून?" ती म्हणाली. मग तिनं माझा प्रबंध ठोकला. तो प्रसंग मी आधीच सांगितला आहे.

या वेळी मी तिनं दाखवलं तिथूनच नमुने घेतले. चिखलात बसून. बुटांशिवाय.

काम सोपं नव्हतं. पहिली शंका मलाच होती, आणि बामीबायनं ती माझ्याआधी बोलून दाखवली. "सवय हाय का त्यांना गोड्या पान्याची? का जल्मापासनंच तशा?" आम्ही जेटीच्या पावन्यांना थेंबाथेंबानं गोडं पाणी पाजून बघितलं. काहींना सवय झाली, बऱ्याच मेल्या. म्हणजे नुसती सवय पुरत नव्हती. मग जीनोम वाचले. जेटीच्या आणि नाल्याच्या पावन्या एकाच जातीच्या, पण काही जनुकांचे नमुने वेगळे पडत होते. मीठ आत घेण्याच्या आणि बाहेर टाकण्याच्या कामातली जनुकं. त्यांचे जे प्रकार नाल्याच्या तोंडाशी सर्रास होते, ते जेटीवरही होते, पण एखाददुसऱ्या पावनीत. आणि जेटीवरच्या पावन्या एकाच किनाऱ्याहून आल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्यांच्यात इतकी विविधता होती की वेगवेगळ्या ठिकाणची जहाजं आपापला वानवळा सोडून गेली असावीत असं वाटत होतं.

हे मी ओट्यावर बसून तिला सांगत होते. माझी भाषा घसरत होती, तिच्या डोळ्यांत कंटाळा होता. शेवटी तिनं हात वर केला.

"थांब. मी सांगतंय. पावनी येते तवा बोचका घेऊन येते ना? आईबापानं बांदून दिलेला. एकीच्या बोचक्यात उन्हाचा लुगडा, एकीच्या बोचक्यात पावसाचा घोंगडा. जेटीवर उतरली तवा पाऊस नाय, मंग घोंगडा कोन काडील? बोचक्यातच राहिला. नाल्यात पाऊस पडला. जिच्याकडं घोंगडा नाय ती मेली. जिच्याकडं हाय ती राहिली. तिला पोरा झाली. पोरांना पन घोंगडा. झाला?"

मी वही मिटली. मग म्हणाले, "झालं."

"मंग एवडी पुस्तका कशाला?"

"आणखी एक आहे बामीबाय. काही जनुकांच्या एकीला एक अशा जास्तीच्या प्रती असतात. आणि बोचक्यात असलेलं सगळंच अंगावर नसतं. कधी काय काढायचं, कधी घडी घालून ठेवायचं, हेही ठरतं."

"म्हंजे दोन घोंगड्या, न् ऊन पडला की एक उशाला," ती म्हणाली. "सून शानी हाय."

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. ज्या पावसावर विश्वासून मी कागद लिहिला होता, तो पाऊस पावनीचा मारेकरी नव्हता. तो तिचा मास्तर होता. दर वर्षी नापास होणाऱ्यांना घरी पाठवायचा आणि पास झालेल्यांना वरच्या वर्गात. सगळ्या खडकांवर पुन्हा पसरणारी पिल्लं त्या पास झालेल्यांची असणार, नाल्याच्या तोंडाशी पावसाळा काढलेल्यांची. श्रावणात, त्या थोड्या आणि एका जागी असताना खरवडल्या तर पुढची फौज कमी. नारळानंतर खरवडलं तर त्या गावभर झालेल्या. बामीबाय तीस वर्षं नेमकं तेच करत होती, पण आपल्या खडकापुरतं, कारण दुसरीच्या खडकाला कोयता लावायचा नसतो. एकटी. म्हणून तिचा खडक वाचत होता, आणि एकटी म्हणून बाकीचे वाचत नव्हते.

"आथा काय?" तिनं विचारलं.

"आता बायकांना सांगायला हवं. श्रावणात उतरा म्हणून."

"माजा आयकनार नायत. मी इटालवली ना खाडी." मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "कागद तू लावला व्हतास. तूच काड."

मी टाळाटाळ केली. खोटं कशाला बोलू? म्हटलं, आधी निबंध छापून येऊ दे, पुराव्यात अजून भोकं आहेत, सगळं नक्की नाही. ती तिच्या बारीक डोळ्यांनी बघत राहिली. "पावनी वाईट नाय गो," ती म्हणाली. "तू पन पावनीच. टावरातले समदे पावने. या, बसा, खा. पन दुसऱ्याच्या उरावर बसून त्याचा तोंड बंद करते, ती वाईट. तुज्या कागदानं बायांचा तोंड बंद केलाय. तीस वरसा."

आषाढाच्या एका सकाळी मी पाराशी उभी राहिले. जुना कागद कधीच गेला होता, पण मला तो पाठ होता. पाच-सहा म्हाताऱ्या, दोन-तीन सुना, फोनवर चित्रण करणारी एक नात, एवढाच श्रोतृवृंद. सोनी पुढे बसली होती, केस पांढरे, नजर तीच. बामीबाय मागे भिंतीला टेकून, तिच्या छातीत तेव्हा कफ भरायला लागला होता.

मी ती सूचना म्हटली. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. मग म्हणाले, "हे मी लिहिलं. हे चूक होतं. मी जेटीवरच्या पावन्या घेतल्या, कारण मला बूट घाण करायचे नव्हते. बामीबायनं मला मडकी दाखवली होती. मी हसले. तुमचे खडक पावनीनं नाही घेतले, आधी माझ्या कागदानं घेतले."

एक सून म्हणाली, "पन मॅडम, नारळाआधी कोयता? देवाला कसा चालंल?"

उत्तर सोनीनं दिलं. ती उठायला वेळ लागला, गुडघ्यांवर हात ठेवून उठली.

"नारल आधी देऊं," ती म्हणाली. "एक आषाढात, एक पुनवेला. खाडीला काय, दोन नारल नकोत?"

मागून बामीबाय खोकत हसली. "जल्ली, तीस वरसा आधी बोलली आसतीस तर?"

"तीस वरसा आधी तू मना इचारलास का? दोर बांदलास न् गेलीस एकटी. तोंडावर आपटली आसतीस तर?"

"तू दोर धराया आली आसतीस तर कशाला आपटली आसती?"

दोघी म्हाताऱ्या तिथेच, पाराशी, तीस वर्षांपूर्वीचं भांडण पहिल्यापासून भांडल्या. आम्ही बाकीच्या ऐकत बसलो. भांडण संपल्यावर सोनीनं बामीबायच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आम्ही नारळ आणायला माणूस पाठवला.

श्रावणात सात जणी उतरल्या. एकमेकींच्या कमरेला दोर. बामीबायला दम्यामुळे चिखलात जाता येईना, ती काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि दिवसभर सगळ्यांना शिव्या घालत राहिली. "अगो, खालून! खालून लाव कोयता, दोरा तोड, टरफला काय कुरवालतंस!" मीही उतरले. मी कमी आणि माझा गुडघा जास्त, असं ते काम झालं. त्या वर्षी पौर्णिमेला सोनीच्या खडकाचा एक कोपरा पांढरा दिसला. फार नाही, हातरुमालाएवढा. तिनं त्यावर कोयता टेकवला, ठोकला नाही. घाबरली होती. काठावरून बामीबाय ओरडली, "ठोक! ठोक ना गो!" ठस्स.

पुढल्या वर्षी बामीबायनं अंथरूण धरलं. मी जात असे. तिची सून चांगली होती, पण सरकारी नोकरीत होती, आणि चिखल तिला सोसत नव्हता. रीतीप्रमाणे खडक तिचाच. बामीबायनं सुनेला, सोनीला आणि मला बोलावून घेतलं. उशाखालून कोयता काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हिला?" सोनी म्हणाली. "ही सातारकरीन? खडक सुनेचा आसते बामी."

"सुनेला इचारला मी. ती बोलली, द्या." सुनेनं मान हलवली. "ही पावनी हाय. घोंगडा घेऊन आलीय, जरा उशिरा उलगडला. राहूं दे हिला."

मी रडत होते. साठी उलटलेली बाई, निवृत्त प्राध्यापक, तिच्या अंथरुणाशी नाक ओढत रडत होते. तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवेल. तिनं बोट वाकवलं आणि माझ्या कपाळावर टकटक केलं. मान तिरकी केली, डोळे मिटले.

"आरधी भरली," ती म्हणाली.

तीन दिवसांनी ती गेली. सकाळची ओहोटी लागली होती, आणि तिच्या अंगणात जमलेल्या बायकांमधून तिघी हळूच उठून खडक बघून आल्या. तिनं त्यांना त्यासाठी शिव्या घातल्या नसत्या.

आता माझा एक गुडघा धातूचा आहे. माझी नात म्हणते, "आजी, तू घसरशील." मी म्हणते, घसरले तर बसायचं, चिखलात उभं राहायचंच नसतं. आषाढाचा नारळ मी घेऊन जाते, पौर्णिमेचा सोनी आणते. नाल्याच्या तोंडाशी उलटी बादली ठेवून मी तिच्यावर बसते आणि खालून कोयता लावते. पावनी संपलेली नाही. संपणार नाही. जासईच्या बाजूला कंटेनरांच्या राशी रोज वाढतात, दर जहाजाबरोबर नवी बोचकी येत असणार, त्यांत काय काय बांधून दिलंय ते अजून कुणी उलगडून पाहिलेलं नाही. उन्हाचं लुगडं, तेलकट पाण्याचं लुगडं, असेलही.

येऊ देत. काही प्रश्न नाही. आम्हीही दोर बांधून बसलोय, आणि खडक ठस्स वाजतोय. सगळा नाही. अर्धा.